एका हाताचा स्वयंपाक

प्रकाश दारापुढच्या ओट्यावर पडला होता आणि त्याचे ओठ जांभळे पडत चालले होते. छाती वरखाली होत होती, पण आत हवा जात नव्हती, नुसती शिट्टी वाजत होती. त्याची बायको रीना अंगणातल्या नळाखाली डोकं धरून "मी आंधळी झाले, मी आंधळी झाले" असं ओरडत होती. घराच्या दारातून, खिडकीतून, कौलांच्या फटींतून मिरचीचा धूर बाहेर येत होता. गल्लीतली कुत्री शिंकत होती. आणि हे सगळं जिने केलं ती मी, पदर नाकाला लावून कुंपणाला टेकून खोकत होते.

"झोपवू नका त्याला!" सिस्टर ओरडली. "बसवा. पुढे वाकवा. शांताबाई, ऐकू येतंय का? रडायचं नंतर."

मी रडत नव्हते. मिरचीने डोळे वाहत होते. पण ते सांगत बसायची ती वेळ नव्हती.

सिस्टर म्हणजे प्रकाशची आई. नाव मार्था, पण धानोऱ्यात ते नाव कोणी घेतलं नाही. नवापूरकडच्या डोंगरातली, ख्रिस्ती. सारी नोकरी नर्स म्हणून धडगावकडे काढली. नवरा आमच्या गावच्या शाळेत मास्तर होता, त्याने आमच्या भिंतीला लागून घर बांधलं. सिस्टर रिटायर होऊन त्या घरात राहायला आली तेव्हा मास्तर गेलेला होता. म्हणजे नवराबायको एकाच घरात अशी फार राहिलीच नाहीत. "म्हणून भांडलो नाही," असं ती सांगायची.

माझ्याशी ती दवाखान्यातली मराठी बोलायची. तिच्या घरची बोली मला येत नव्हती, माझी अहिराणी तिला समजायची पण तोंडात बसत नव्हती. तिच्या बोलण्यात निम्मे शब्द हुकमाचे असायचे. "बसा. दाखवा. जीभ बाहेर. हं." गावातल्या बाया तिच्याकडे फुकट तपासून घ्यायला यायच्या आणि बोलणी खाऊन जायच्या. पाटलाच्या सुनेला तिने तोंडावर सांगितलं होतं, "तुला काही झालेलं नाही. तुला माहेरी जायचंय. तसं सांग."

अशा बाईला लकवा झाला. तोंड सरळ झालं, पाय थोडा ओढत चालू लागला, पण डावा हात गेला तो गेलाच. खांद्याला टांगलेल्या पिशवीसारखा लोंबायचा. स्वयंपाकघरात शिरताना ती तो उजव्या हाताने उचलून ओट्यावर ठेवायची आणि म्हणायची, "तू इथे बस. मध्ये मध्ये करू नकोस."

प्रकाश सुरतहून आला. मुलगा वाईट नाही. घाबरट आहे, लहानपणापासून दम्याचा. आईला सुरतला चल म्हणाला. सातव्या मजल्यावर घर, दोघं नवराबायको सकाळी कामाला जातात, रात्री येतात. सिस्टरने विचारलं, "मग दिवसभर मी काय करू?"

"आराम कर."

"आराम मी पेशंटला सांगते."

ती जात नाही म्हटल्यावर त्याने गॅसची टाकी उचलून गाडीत घातली. आई गॅस पेटता ठेवून पडली तर, म्हणून. गल्लीतल्या एका घरून दोन वेळचा डबा लावून दिला आणि सांगितलं, "नाताळापर्यंत बघू. आई, तुला तुझं तुझं करता आलं नाही, तर मी काही ऐकणार नाही."

डबा आठ दिवस चालला. नवव्या दिवशी सिस्टरने परत पाठवला. मी विचारलं, "काब्रं वं सिस्टर? भाजी खारट व्हती का?"

"खारट असती तरी चाललं असतं. शांताबाई, डबा म्हणजे सलाईन. जीव राहतो, चव जाते."

तिने माझ्या चुलीवर भाकरी करून पाहिली. भाकरी थापायला दोन हात लागतात, हे आयुष्यभर भाकरी थापणाऱ्या मलाही तोवर माहीत नव्हतं. एक हात थापतो, दुसरा फिरवतो. तिची भाकरी एका बाजूने जाड, दुसऱ्या बाजूने फाटकी झाली. तिने ती कुत्र्याला घातली. कुत्र्याने जरा विचार करून खाल्ली.

माझ्या घरी चल म्हणाले तर यायची नाही. आमचं घर भरलेलं, दोन सुना, नातवंडं. एक ताट जास्तीचं कोणाला कळलंही नसतं. पण ती म्हणाली, "तुमच्या सुना आठ दिवस मला सिस्टर म्हणतील, नवव्या दिवशी म्हातारी म्हणतील." माझ्या सुना मला पहिल्या दिवसापासून म्हातारी म्हणतात, पण ते मी तिला सांगितलं नाही.

प्रकाशने गॅस नेला, पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. कपाटावर एक विजेचा ओव्हन पडला होता. रीनाने नवा घेतल्यावर जुना सासूला दिलेला. नाताळात नानकटाई भाजायला उतरायचा, बाकी वर्षभर प्लास्टिकच्या पिशवीत. ज्वाळ दिसली तरच माणूस तिला आग म्हणतो. माझ्या नातवाकडून सिस्टरने तो ओव्हन खाली काढून घेतला आणि पुसून स्टुलासमोर मांडला.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर ती पत्रा भरत होती. नानकटाईचा तो काळा पत्रा. त्यावर बटाट्याच्या फोडी, कांद्याचे चार तुकडे, गाजर, शेवग्याच्या शेंगा, लसणाचा अख्खा गड्डा. सगळं तेलामिठात चोळलेलं.

"हाई काय शे?" मी विचारलं. "भाजी का बाजार?"

"जेवण आहे."

"फोडणी कोठे शे?"

"फोडणीला एका हाताने झाकण धरावं लागतं, दुसऱ्याने मोहरी टाकावी लागते. फोडणी नाही."

"मंग आजारी माणूसनं जेवण म्हना ना."

तिने पत्रा ओव्हनमध्ये सरकवला, दार लावलं, आणि स्टुलावर बसून काचेतून आत बघत राहिली. पेशंटच्या खाटेशी बसावं तशी.

पहिल्या दिवशी बटाटे कच्चे राहिले आणि कांदा जळाला. दुसऱ्या दिवशी सगळं ओलंगिच्च झालं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण सिस्टर हार मानणारी नव्हती. एका जुन्या वहीत ती रोज लिहायची, काय, किती मोठं कापलं, किती वेळ. पेशंटचा ताप लिहितात तसं. पंधरा दिवसांत तिला सगळं उमगलं आणि मग ती मला शिकवायला लागली. मी विचारलं नव्हतं.

"हे बघा शांताबाई. पत्र्यावर गर्दी करायची नाही. एका खाटेवर दोन पेशंट टाकले की दोघंही बरे होत नाहीत. अंग अंगाला लागलं की भाजी भाजत नाही, स्वतःच्या घामात उकडते."

"हं."

"जे कडक आहे ते बारीक कापायचं आणि आधी आत घालायचं. बटाटा, सुरण, गाजर. जे नरम आहे ते मोठं ठेवायचं, अर्ध्या वेळाने टाकायचं. टोमॅटो तर शेवटी. बाळंतीण आधी, सर्दीखोकला नंतर."

"हं."

"धुतलेली भाजी पुसून घ्यायची. तेल पत्र्यावर ओतायचं नाही, भाजीला चोळायचं. ओव्हन आधी तापवायचा. आणि मधेच पत्रा फिरवायचा, कारण मागचा कोपरा जास्त तापतो. समजलं का?"

समजलं होतं. चौथी शिकलेल्या बाईलाही समजेल असंच होतं. पण मी म्हणाले, "चूलवर एवढा दिमाक लागत नही."

"चुलीवर दोन हात लागतात," ती म्हणाली.

कापायचं कसं, हा पुढचा प्रश्न. विळीवर बसायचं तर तिला खाली बसून उठता येत नव्हतं. सुरीने कापायचं तर बटाटा धरणार कोण? तिने गावच्या सुताराला बोलावून एका लाकडी पाटाला खालून दोन लांब खिळे ठोकून घेतले, टोकं वर. बटाटा त्या खिळ्यांत रोवायचा आणि एका हाताने कापायचा. सुतार बिचारा तीनदा विचारत होता, "सिस्टर, हाई उंदीर मारानं शे का?"

"बटाटे मारायचे आहेत. खिळे पक्के ठोक."

तो पाट पाहून माझी थोरली सून म्हणाली, आपल्याकडेही करून घेऊ, किती सोपं. मी म्हणाले, तुला दोन हात दिलेत ना देवाने?

वांगं मात्र तिला धडा शिकवून गेलं. आमच्याकडची भरताची वांगी, हिरवी, हातभर लांब. तिने एक अख्खं आत ठेवलं. थोड्या वेळाने आत बार उडाला. काच तडकली नाही हे नशीब. वांगं ओव्हनच्या चारी भिंतींना चिकटलं होतं. मी हसून हसून खाली बसले. "वांगाले टोचनं पडस सिस्टर! हाई तं शेंबडं पोरबी सांगीन."

तिला माझं हसणं लागलं. पण दुसऱ्या दिवशी तिने कुठूनशी एक जाड सुई काढली, कापसाने पुसली, आणि वांग्याला टोचत म्हणाली, "हलू नकोस. दुखणार नाही."

मग माझा हात लागला. हे सांगायला हवं, नाहीतर सगळं श्रेय तिचं होईल. भाजी झाली, पण भाकरीशिवाय माणूस किती दिवस राहणार? तिने आठ दिवस पाव खाल्ला आणि वैतागली. मी म्हणाले, "भाकर थापता येत नही तं बट्टी करा. मूठ वळाले एकच हात लागस."

आमच्याकडे लग्नकार्यात वरण-बट्टी असतेच, गव्हाच्या जाड पिठाचे गोळे. पीठ घट्ट, मळायला एक हात पुरतो. गोळा मुठीतच वळतो. लाटायचं नाही, थापायचं नाही. त्या दिवसापासून पत्र्याच्या कडेने बट्ट्या आणि मधे वांगी, हिरव्या मिरच्या, लसूण असा थाट सुरू झाला. बट्ट्यांच्या कडा लाल व्हायच्या, वांगं मऊ पडायचं. मग ती तांब्याच्या बुडाने वांगं आणि मिरच्या थाळीतच घोटायची. एका पत्र्यावर भरीत आणि बट्टी. आणि भांडी किती? एक पत्रा, एक थाळी, एक तांब्या. माझ्या सुना त्या भांड्यांकडे बघून उसासे टाकायच्या.

रविवारी तिच्याकडे कोंबडी असायची. आमच्या घरी ती चालत नाही. तरी रविवारी ती मला बोलवायची आणि मी जायची. पहिल्या रविवारी तिने एकाच पत्र्यावर बटाट्यांची रांग लावून दोन भाग केले, पलीकडे कोंबडी, अलीकडे माझी भाजी. म्हणाली, "मधे भिंत घातलीय."

"भिंतखाले रस्सा वाही ऱ्हायना, तो?"

तिने पत्रा वाकवून पाहिला. खरंच वाहत होता. पुढच्या रविवारी तिने बाजारातून दुसरा पत्रा आणवला आणि त्याला पांढरी चिकटपट्टी लावून वर लिहिलं, 'शांताबाई, शाकाहारी'. दवाखान्यात खाटेला लावतात तसं. तो पत्रा माझाच राहिला. मी घरी सांगायची, सिस्टरच्या पायाला तेल लावायला जाते. सुनांना काय ते कळत होतं, कारण परत आल्यावर मला भूक नसायची.

डिसेंबर उजाडला. प्रकाशचा फोन आला की तो आणि रीना रविवारी येतायत. आणि एक अट घातली. आईने कोणाच्या मदतीशिवाय चौघांचं जेवण करून दाखवायचं. जमलं तर तो पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर कपडे भरून ठेवायचे.

"चौथं कोण?" मी विचारलं.

"तुम्ही," सिस्टर म्हणाली. "साक्षीदार."

शनिवारी तिने कपड्यांची बॅग काढून दाराशी ठेवली, रिकामी. मी विचारलं, ही कशाला? म्हणाली, "तो बघेल. मग त्याला वाटेल मी तयार आहे, आणि तो नीट जेवेल."

रविवारी सकाळी सगळी गल्ली तिच्या अंगणात येऊन जात होती. एका हाताने चौघांचा स्वयंपाक! किती हुशार बाई! या वयात! बायांनी एवढं कौतुक केलं की मला ते ऐकवेना. असं तोंडभरून बोललेलं माणसाला लागतं, हे मी लहानपणापासून बघितलंय. दृष्ट काढायला हवी होती. पण सिस्टर असल्या गोष्टींना हात लावू द्यायची नाही. एकदा मी लिंबू मागितलं तर तिने सरबत करून दिलं होतं.

आणि मी कशाला लपवू, मला तिची काळजी होती तशी माझ्या रविवारच्या पत्र्याचीही होती.

साडेअकराला गाडी आली. सिस्टर पाय ओढत दारात गेली. प्रकाशला जवळ घेण्याआधी तिने त्याचा दम्याचा पंप मागून घेतला, कानाशी हलवून पाहिला, आणि गाऊनच्या खिशात टाकला. ती तिघं दारात बोलत होती, तिची पाठ माझ्याकडे होती. मी पदरात आणलेलं मीठ, मोहरी आणि सात लाल मिरच्या काढून तिच्या पाठीमागून तीनदा उतरवल्या.

आता उतरवलेलं ते विस्तवात टाकायला हवं. माझी चूल भिंतीपलीकडे पेटलेली होती. पण दुसऱ्याची दृष्ट आपल्या घरात कोण नेतं? तिच्या घरात गॅस नव्हता, चूल नव्हती. विस्तव एकच होता, जेवण भाजत असलेला ओव्हन. मी ओव्हनचं दार उघडलं आणि मूठभर ते सगळं खाली, लाल झालेल्या तारेवर टाकून दार लावलं.

मिरच्या आमच्या शेतातल्या होत्या. नंदुरबारच्या उघड्या मैदानातल्या पथारीवर अशा मिरच्या पसरून वाळवतात तेव्हा तिथली माणसं तोंडाला फडकं बांधून काम करतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही.

प्रकाश आत आला. "आई, वास छान येतोय," म्हणाला आणि पत्रा बघायला त्यानेच ओव्हनचं दार उघडलं.

पुढचं सुरुवातीला सांगितलंच. आपण बाहेर कसे आलो हे रीनाला अजून आठवत नाही. सिस्टरने आधी मीटरचं बटण पाडलं, मग प्रकाशच्या पाठीला खांदा लावून त्याला दाराबाहेर ढकललं. तो ओट्यावर कोसळला. ती माझ्यावर ओरडली तेव्हा मी येऊन त्याला बसवलं, मागून टेकू दिला. सिस्टर त्याच्यासमोर बसली आणि खिशातून पंप काढला.

"माझ्याकडे बघ. श्वास सोड. सगळा सोड. आता घे, घे, घे. धरून ठेव. मी मोजते."

तिने दहापर्यंत मोजलं. तिचे स्वतःचे डोळे लाल, नाक वाहतंय, पण आवाज रेडिओवरच्या बातम्यांसारखा. पुन्हा पंप. पुन्हा मोजलं. चौथ्या की पाचव्या वेळी शिट्टी बारीक झाली. मग त्याच्या ओठांवर रंग आला. मग तो बोलला, आणि पहिलं काय बोलला तर, "बस झालं, आई. उद्याच निघायचं. आज घर जळालं असतं."

सिस्टरने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. तिला कळलं होतं. ओव्हनच्या दारातून मोहरी तडतडताना तिने ऐकली होती, आणि फोडणी तर ती करतच नव्हती. पण ती एक शब्द बोलली नाही. पेशंटची गोष्ट नर्स दुसऱ्याला सांगत नाही.

तेव्हा मलाच सांगावं लागलं. सत्तर वर्षांची बाई, घरादाराची, आणि सुरतच्या पोरासमोर कबूल करतेय की मी तुझ्या आईची दृष्ट तिच्या ओव्हनमध्ये टाकली. रीनाने नळाखालून डोकं काढून विचारलं, "काय टाकलं?"

"मीठ, मोहरी, मिरच्या. सात."

प्रकाश हसायला लागला आणि पुन्हा खोकायला लागला. सिस्टर म्हणाली, "हसू नकोस, पंप संपेल." मग थोडं थांबून म्हणाली, "प्रकाश, तुला काळजी होती ना, मला काही झालं तर जवळ कोण आहे?"

त्याने मान हलवली.

"तुला झालं तेव्हा कोण होतं?"

अर्ध्या तासाने तिने पुढचं-मागचं दार उघडं ठेवून पत्रे बाहेर काढले. कोंबडी शिजली होती, बट्ट्या लाल झाल्या होत्या, वांगी मऊ होती. सगळ्याला मिरचीच्या धुराचा वास. मी म्हणाले टाकून द्या. ती म्हणाली, "अन्न आहे." आम्ही चौघं ओट्यावर बसून जेवलो, डोळ्यांतून पाणी गळतंय आणि घास चाललाय. रीना म्हणाली, "स्मोकी फ्लेवर चांगला आलाय." तिला काय म्हणायचं होतं ते देव जाणे, पण तिने तीन बट्ट्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी गाडी गेली. बॅग दाराशीच राहिली, रिकामी. जाताना प्रकाशने आईकडून रोज संध्याकाळी फोन करायचं कबूल करून घेतलं, आणि माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "मावशी, आईकडे लक्ष द्या. पण मिरच्या घेऊन जाऊ नका."

गल्लीत याची फार चर्चा झाली. दृष्टीच्या मिरच्या जळून ठसका लागला नाही तर दृष्ट मोठी, ठसका लागला तर दृष्ट नव्हतीच, असं आमच्याकडे मानतात. इथे तर अर्धी गल्ली खोकली. म्हणजे सिस्टरला कोणाची दृष्ट लागलेलीच नव्हती. मी उगाच उतरवली.

पुढे सिस्टर वारली तेव्हाही थंडीचेच दिवस होते. आदल्या दिवशी, शनिवारी, मी तिला ताक द्यायला गेले. ती स्टुलावर बसून खिळ्यांच्या पाटावर सुरण कापत होती. वर न बघता म्हणाली, "ठेवा तिथे. आणि दार ओढून घ्या, वारा येतोय." मी दार ओढलं. फटीतून दिसलं ते एवढंच, पाठ आणि उजवा खांदा, सुरी दाबताना वरखाली होणारा. रविवारी सकाळी ती उठली नाही. झोपेतच गेली होती. सुरण कापून, पुसून, तेल चोळून झाकून ठेवलेला होता. तो मी नेला आणि आमच्या चुलीवर केला. बरा झाला नाही.

मिरचीच्या त्या दिवशी घरात चौघं होतो. प्रकाश, रीना, सिस्टर आणि मी. चौघंही वाचलो. सिस्टर त्यानंतर तीन वर्षं जगली, त्याच घरात, स्वतःच्या हातचं खाऊन.